सबटायटल

टिळकवाडीत, क्लबच्या वरच्या खोलीत
पडदा म्हणजे इस्त्री न केलेली चादर.
तिच्या चुण्यांवर दोघं फ्रेंच बोलतात,
अडीच तास. खाली इंग्रजी धावतं, धापा टाकत.
ती म्हणते, प्रेम आहे असं नाही,
पण नाही हे म्हणायला तूच लागतोस.
तो सिगारेट विझवतो. दुसरी पेटवतो.
तिचा नवरा येतो, तोही खुर्ची ओढून
बोलायलाच बसतो.
नेमगोंडा, तू कानाशी आलास:
भांडत का न्हाईत ही?
भांडतातच आहेत की, मी म्हटलं.

सायकली ढकलत दुसऱ्या गेटापाशी.
गेट पडलेलं. मालगाडी संपता संपेना.
चिकोडीत तुझी बायको, शहापुरात माझं घर,
आणि नऊ वर्षं आपण
फक्त सिनेमाला भेटतो.
त्या बाईनं एवढ्यावर
अख्खी रात्र काढली असती, कॉफीसकट.

मी डबे मोजले. चौतिसाव्याला चुकले.
मग तू, तुझ्या घरच्या भाषेत,
रुळांकडे बघत:
ऊटा आतेन?

खाली काहीच लिहून आलं नाही.
आतु, म्हटलं.
जेवले नव्हते.