अ.पा.क.

डेटनच्या दवाखान्यात, पाचव्या मजल्यावर,
सही माझी लागते.
फॉर्म पुढे ओढताना आठवला
बाबांच्या नावाचा जुना सातबारा.
तलाठ्याने लिहिलं होतं:
प्रभाकर, अज्ञान, अ.पा.क. आई.
चौदाव्या वर्षी बाबा रात्रीची पाळी धरून
एकटे पाणी द्यायचे उसाला.
कागदावर अज्ञान.

वॉशिंग्टनात विधेयक मांडलंय.
अजून समितीतच आहे म्हणतात.
अठराच्या आतल्यांना काय द्यायचं, काय नाही,
आणि दिलंच, तर डॉक्टरला किती वर्षं.
'संरक्षण' हा शब्द त्यात अकरा वेळा.
मोजले कुणी?
शेजारच्या खुर्चीतल्या अज्ञानाने.
फोनवर अंगठा वर सरकवत
कलम चार मला समजावलं मराठीत;
परंतुकापाशी अडलं घोडं.
"ते, 'पण' असतं ना आई, ते."

डॉक्टर हॉलोरन मला विचारतात,
झोप कशी आहे?
मी तोंड उघडते
आणि कळतं, मला माहीत नाही.

"तीनला झोपलो," शेजारून उत्तर येतं.

झोपलो.
आले, जेवले, झोपले
मीच शिकवलं होतं, या परक्या गावात,
भाषा तुटू नये म्हणून.
दुरुस्त करायला जीभ उठते,
टाळूला लागून तिथेच राहते.
डॉक्टर लिहून घेतात: तीन वाजता.
त्यांच्या भाषेत क्रियापदाला काहीच होत नाही.

सही करते.
नात्याच्या रकान्यात, सवय नसताना,
देवनागरीत उतरतं: अ.पा.क.

खिडकीतली बाई चष्मा वर करून विचारते,
ही कुठली पदवी?