उरलेले वापर : एक

तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे आमचं खातं.
वर ऑपरेशनं होतात, खाली त्यांची हत्यारं येतात धुवायला.
पहिल्या पगाराला आईला हेच सांगितलं,
ती म्हणाली, मंजे भांडीच ना.

रोबोची मनगटं माझ्याकडे असतात.
वीतभर लांब दांडा, टोकाला नखाएवढा चिमटा,
आत केसासारख्या तारा.
रक्त तारेच्या खाली जाऊन बसतं.
कोमट पाणी, रसायन, मग ब्रश,
मनगट डावीकडे वळवून, उजवीकडे वळवून
बाळाच्या कानामागे पुसावं तसं.
शेवटी एकशे चौतीस अंशांची वाफ.

कंपनीनं एकेकाला दहा पोटं दिलीत.
अकराव्यांदा यंत्र त्याला ओळखत नाही,
कितीही लखलखीत असो.

बाबाचं नाव यादीत लागलं त्या रात्री
करावे गावातल्या आमच्या ओट्यावर बसून त्यानं विचारलं,
हात कुनाचा?
मी सांगितलं : बेहेरे बाई कोपऱ्यात बसतात,
चपला काढून, डोकं खोक्यात घालून.
चार हात यंत्राचे. बोटं बाईंची.
त्यांचा हात थरथरला तरी आत थरथरत नाही.
आनि त्यांना लागतंय का आत? हाताला?
नाही बाबा. दिसतं फक्त. दहापट मोठं दिसतं.

तो बराच वेळ गप्प.
पामबीच रस्ता व्हायच्या आधीपासूनचा खाडीतला माणूस,
ओहोटीला तिवरांत पालथा पडून
खांद्यापर्यंत हात बिळात घालणारा.
चिंबोरी नर की मादी, नांगी कुठल्या बाजूला,
आत किती चिखल, किती पाणी.
डाव्या अंगठ्याचं अर्धं नख कधीच देऊन बसलेला.
डोल्यांना कदी काय दिसला नाय, म्हणाला,
हातालाच कलाचा.
आणि आत जाऊन झोपला.

फायलीवर जे लिहिलं होतं
त्याचं मराठी नाव आम्ही त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तो हसला असता, मला वाटतं.

कुणाचं पोट ते आम्हाला कळत नाही, तसा नियमच आहे.
ट्रेबरोबरच्या चिठ्ठीत फक्त खोली आणि वेळ.
खोली दोन. सव्वाअकरा.
ट्रे खाली यायला दुपारचे चार वाजले.
तीन मनगटांचे वापर बाकी होते,
चौथ्याचा सकाळी एकच उरला होता,
आता शून्य.

मी त्याला आधी घेतलं.
दोन हातमोजे, त्यावर पाणी, तरी वाटलं
कोमट आहे ते पाण्यामुळे की कशामुळे.
तारेखालचं निघेना.
टाकाऊ वस्तूचं एवढं कुणी बघत नाही,
वरवर धुऊन पेटीत टाकायची, सही करायची.
मी भिंगाखाली धरलं,
डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं,
मग वाफेच्या ट्रेमध्ये ठेवलं.
लोबो सिस्टर मागून म्हणाल्या, संपलंय गं ते, चेतना.
हो, माहीत आहे.
त्यांनी दार लावून घेतलं,
मशीन सुरू केलं, काही बोलल्या नाहीत.
वहीत त्या दिवशी एक फेरी जास्तीची लागलीय.
कारणाचा रकाना कोरा आहे.

तिसऱ्या दिवशी नळीची पिशवी हातात धरून
बाबा घराच्या पायऱ्या स्वतः चढला.
शेजारची जनीकाकी बघायला आली तेव्हा
त्यानं सदरा वर केला, लाजला नाही.
पोटावर पाच भोकं, टाके घातलेली,
भोवती पिवळं औषध वाळलेलं.
अर्ध्या नखाचा अंगठा एकेकावरून फिरवत
त्यानं मोजली, पुन्हा मोजली.
एवढ्याशा बिलातनं? काकी म्हणाली.
भरती आली का बुजतान, म्हणाला,
आणि माझ्याकडे वळून, हळू :
आतला निंगाला ना पुरा?

बेहेरे बाई म्हणतात, दिसलं तेवढं निघालं.
मी म्हटलं, निघालं.