फोटोखालचा शब्द

दिल्लीहून कुणी येऊन गेलं होतं म्हणे,
पारव्याच्या फाट्यावरच्या भिंतीचे फोटो काढून.
दीड वर्षानं नागपूरच्या कॉलेजात
ती भिंत मला सापडली, गुळगुळीत कागदावर,
भोवती सहा पानं इंग्रजी.
झेरॉक्स मारली, दिवाळीत घरी नेली.

शालिकमामा दाराशी ब्रश धूत बसलेला.
"वाच. काय लिवलं माह्या भिंतीबद्दल?"

पुठ्ठा सुटलेला शब्दकोश मांडीवर,
तरी पहिल्याच ओळीला अडले.
पॅलिम्प्सेस्ट.
खरवडून पुन्हा लिहिलेलं कातडं, मी सांगितलं,
पण जुनं पुरतं जात नाही.
"हाव, खाली मलेरियाचे आकडे हायेत.
त्यावर लाल तिकोन, मंग कपबशी, मंग शिट्टी,
दोन्ही सरपंच पडले."

पेंटिमेंटो म्हणजे पश्चात्ताप:
चितारी मन बदलून रेघ पुसतो,
ती वर्षांनी वर येते.
"पश्चात्ताप कायचा? चुना पातय पडला.
एकच पोतं देल्लं होतं."

जक्स्टापोझिशनला अर्धा तास गेला.
बियाण्याच्या जाहिरातीतलं बोंड, शेजारी डेंग्यूचा डास;
यात लेखकाला दीड पान
मोठं काहीतरी दिसलं होतं.
"जागा नोती, बाई." मग जरा थांबून,
"पन दिसते बरं. डास बोंडावरच बसाले निंगाला."

लिमिनल राहिलाच. उंबरठ्याचा, एवढंच कोशात.
नुसत्या भिंतीला उंबरठा कुठून,
दोघांनाही कळेना.
पेन्सिलीनं गोल केलेला तो शब्द
अजून तसाच आहे माझ्याकडे.

चहा निवून गेला. मग मामानं
निळ्या नखाचं बोट फोटोखाली टेकवलं.
"अन् हा बारका?"

त्याला कोश लागत नव्हता.
चौथीतल्या पोरालाही आला असता.
मी म्हणाले, ते काही नाही,
फोटो कुठला ते लिहिलंय.

मामाला इंग्रजी वाचता येत नाही, काढता येतं.
चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्यांवर
त्यानं एकेक अक्षर चित्रासारखं बसवलंय,
आणि प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात
स्वतःच्या नावाचा एस,
शेपूट वळवून बसलेल्या सापासारखा.

त्यानं कागद उजेडात धरला.
अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.
"याच्यात एस नाई," म्हणाला.

मी शब्दकोशाची पानं चाळत राहिले, उगाच.

"तरोटा वाढला असंन तवा कोपऱ्यात,"
त्यानंच लेखकाची बाजू घेतली,
आणि ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला.