नंतर

आर्वो लेहतोला, प्लंबर, थंडर बे.
व्हॅनवर एवढंच लिहिलेलं, तेही त्यानेच, ब्रशने,
शेवटचं अक्षर जरा घसरलेलं.

उणे तीसमध्ये फोन वाजायचा.
आई अर्धवट झोपेत शेगडीवरचे मोजे काढून द्यायची
आणि बाबा कुणाच्या तरी तळघरात
भिंतीला कान लावून उभा,
पाणी कुठे गोठलंय ते ऐकत.
आमचं बोलणं त्याला तितकं ऐकू येत नसे.

तांब्याच्या सांध्याला डाख देताना म्हणायचा,
घाई पाण्याला असते,
आपल्याला नसावी.

तौनोच्या लग्नातही कोटाच्या खिशात पाना होता.
पाद्री बोलत राहिले, हा मागच्या मागे गेला
आणि चर्चचा गळका नळ बसवून आला.
फोटोत त्याची एक बाही ओली आहे.

गेल्यावर वही सापडली.
कामं, तारखा, डॉलर.
हवरिल्युक बाईंपुढे अकरा हिवाळे एकच शब्द: नंतर.
शाळेच्या शिपायापुढे: नंतर.
बेकरीवाल्यापुढे: नंतर. खाली बारीक अक्षरात, पाव मिळाले.

आणि मधेच एका पानावर, बिलांच्याच रांगेत,
मी.
'सैमाला तळ्यावर न्यायचं. बर्फाला भोक पाडून मासे कसे धरतात ते दाखवायचं.'
तारीख चौऱ्याऐंशीची.
रकमेच्या जागी काही नाही.
पुढे तोच शब्द.

खाली बॉयलर सुरू झाला,
नळ्या दोनदा खोकल्या.
तौनोने विचारलं, एकूण येणं किती निघतं?
म्हटलं, मोजते.
नंतर.