वीस तारखेची मुलगी

माझा वाढदिवस वीस सप्टेंबरला.
दाखल्यावर तसंच आहे, शिक्क्यासकट,
आणि मेक्सिको शहरात एकदा शिक्का बसला
की देवसुद्धा हुज्जत घालत नाही.

एकोणिसाचं पान
आजी ऑतिलिया आदल्या रात्रीच फाडते.
कोंबडीवाल्या फर्मिनचं फुकटचं कॅलेंडर,
वर तुरेवाला कोंबडा,
खाली बारीक अक्षरात त्या दिवसाचा संत: सान हेनारो.
पान चुरगाळत नाही ती.
चार घड्या घालते
आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवते,
कात्रीखाली.

कात्री तिची नाही. आंपारोची.
पंच्याऐंशी साली बुधवारी उसनी आणलेली,
गुरुवारी सकाळी परत द्यायची होती.
अर्ध्या वाटेवर आठवलं, घरीच राहिली,
म्हणून आजी माघारी वळली.
सात वाजून एकोणीस मिनिटं.
ती पुन्हा कारखान्यापाशी पोचली तेव्हा
कापडाची ठाणं रचावीत तसे
मजल्यावर मजले.

पुढचं ती सांगत नाही.
दरवर्षी कात्रीला धार लावून आणते,
आणि त्या कात्रीनं
दोरासुद्धा कापत नाही.

मग सतरा साल.
अकरा वाजता सरावाचा भोंगा झाला,
आम्ही हसत खाली उतरलो, हसत वर गेलो,
आणि सव्वाएकच्या सुमाराला
जमिनीनं खरीखुरी हजेरी घेतली.
रात्रभर मी बादल्या पुढे सरकवत होते.
मध्येच कुणीतरी मूठ वर करायचं.
जनरेटर बंद. फावडी बंद.
अख्खा रस्ता श्वास धरून
ढिगाऱ्याखालच्या एका खोकल्याची वाट बघायचा.
उजाडलं की मी एकोणीस पुरी करणार होते,
म्हणजे मला तसं वाटत होतं.

वरच्या मजल्यावरचे उबाल्दो मास्तर गणित शिकवतात.
म्हणाले, ऑतिलियाबाई, योगायोग हो.
नाण्याला आठवण नसते.
नसेल नाण्याला, आजी म्हणाली,
पण ज्याच्या मुठीत ते असतं, त्याला?
मास्तरांनी जिन्याचा कठडा धरला.
उत्तर काही दिलं नाही.

आणि बावीस साली पुन्हा.
सराव झाला, पाऊण तास गेला,
परत भोंगा. या खेपेला कुणी हसलं नाही,
लोक चिडले.
विजेच्या तारा दोरीवरच्या उड्या खेळत होत्या,
मास्तर एका पायात बूट घालून उभे,
फर्मिनच्या हातात अर्धी सोललेली कोंबडी.
तो आभाळाकडे बघून ओरडला,
अरे, तीनशे पासष्ट आहेत की!
दुसरी कुठली सापडत नाही तुला?

आजी अनवाणी. हातात कात्री.
माझा दंड धरून म्हणाली,
आज तू चोवीस वर्षांची झालीस.

उद्या, आजी.

आज.
नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला मी
चहापाण्याचे पन्नास पेसो दिले.
म्हटलं, एक दिवस पुढे ढकल.
तो म्हणाला, बायका वय लपवायला देतात,
तुम्ही एका दिवसासाठी?
मला वाटलं, पोरी,
कागदावर नसलीस
तर ही तारीख तुला ओळखणार नाही.

तारा हलायच्या थांबल्या.
मला राग यायला हवा होता.
मी तिच्या पायांकडे बघत राहिले,
टाचेला कुणाच्या तरी कुंडीतली माती लागली होती.

वर गेल्यावर तिनं खण उपसला.
पानं, पानं, एवढाले कोंबडे,
सगळे एकोणिसाचे.
अठ्ठ्याण्णवचं शोधायला वेळ लागला.
त्याच्या मागे शिसपेनीनं,
शिंप्याच्या मापांसारखं तुटक:

पहाटे पाच दहा.
तीन किलो, वर थोडी.
रडली. लगेच. मोठ्यानं.
शेजारी उठले.