लांबचं वळण

दिवसभर मी दात करतो.
एस्कनाबात, बँकेमागच्या खोलीत,
आधी मेणात, मग प्लास्टरात,
कधीच न पाहिलेल्या तोंडांसाठी.
कवळी नीट बसली की माणूस डॉक्टरचे आभार मानतो.
ते ठीकच आहे.

रात्री, सिल्वी झोपली की,
मी रोबोटांना वळायला शिकवतो.
कोड उघडा आहे. कुणीही घ्यावा, मोडावा, वाटावा.
पाच वर्षं झाली, पैसा एक नाही.
मेहुणा आर्वो म्हणतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.
मी म्हणतो, हो, आणि पीठ मळायचंय अजून,
जरा सरक.

कधी ब्राझीलमधून येतं, ‘चाक उलटं फिरतं.’
कधी तुर्कस्तानातल्या कुठल्या वर्गातून, ‘फिरतच नाही.’
‘धन्यवाद’ एकदाच आलं होतं,
तेही दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं.

मार्चमधली स्पर्धा. शाळेचं जिम.
बाहेर खाडीवर बर्फ, मासेमारीच्या झोपड्या अजून उचललेल्या नाहीत.
मी दारात सुरक्षेचे चष्मे वाटतो.
चौतीस संघ. त्यांतल्या एकोणीस रोबोटांच्या पोटात
माझ्या रात्री आहेत.
चष्मा परत देताना एक पोरगा म्हणतो,
‘काच खरवडलीये, आजोबा.’

उपांत्य फेरीत मॅनिस्टिकची पोरं.
रोबोटचं नाव पास्टी,
इथल्या खाणमजुरांच्या बटाटा-मांसाच्या करंजीवरून.
पास्टीनं चेंडू उचलला.
आता डावीकडे वळायचं, दोनच अंश,
एकशे एकोणऐंशीवरून उणे एकशे एकोणऐंशीवर.
आकड्यांत केवढी दरी,
जमिनीवर टाचेएवढी.
तो उजवीकडून निघाला.
देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा, निवांत,
अख्खं वर्तुळ.
घड्याळात चार सेकंद होते.
चेंडू हातातच राहिला.

मला पहिल्या वितीतच कळलं.
ती ओळ मी नोव्हेंबरात लिहिली होती, अंगात ताप,
आणि शेजारी टीप टाकली होती, ‘नंतर बघू’.
हेच ते नंतर.

मागे, कसरतीच्या गाद्यांजवळ
त्यांची प्रोग्रामर बसली होती, ब्रिन कंगास, पंधरा वर्षांची.
मास्तर समजावत होते, घाईत होतं असं.
ती मान हलवत होती.
चूक तिनं पदरात घेऊनसुद्धा झाली होती.

माझ्या हातात चष्म्यांचा खोका.
गप्प राहिलो असतो तर
रात्री एकट्यानं, बिनबोभाट,
दुरुस्त केलं असतं.
खरं सांगतो, दारापर्यंत गेलोही होतो.

‘पोरी, चूक तुझी नाही. माझी.’
तिनं आधी खोक्याकडे पाहिलं.
मी फाइलचं नाव सांगितलं. ओळ दोनशे सहा.
वाटलं, रागावेल.
रागावलीच.
‘आम्ही तीन रात्री चाकं बदलत बसलो,’ म्हणाली,
‘चाकं!’
मग लॅपटॉप माझ्याकडे न सरकवता
मांडीवर ओढून घेतला.
‘दाखवा.’

गुडघे कुरकुरले, पण मी गादीवर बसलो.
मला सुचत होती सहा ओळींची युक्ती.
तिनं दोनच लिहिल्या.
माझी टीप पुसली, तिच्या जागी टाकलं,
‘आधी विचार, जवळची बाजू कुठली.’
खाली स्वतःचं नाव घातलं, स्पेलिंग दोनदा तपासून.
जिममध्ये दुसऱ्याच कुणाच्या जिंकण्याचा गलका चालला होता.

मंगळवारी तिची चिठ्ठी आली.
‘ओळ दोनशे चाळीसही चुकली आहे.
मी बघते.’
बस, एवढंच.
हातातला मेणाचा दात तसाच ठेवून
मी सिल्वीला फोन केला,
आणि काय सांगायचं ते
बराच वेळ सुचेना.