ओल्या फुग्याचा आकडा

दुपारी अडीचला पेटी उघडते.
चार पायांवर उभी, पांढरी, झिलमिळ्यांची,
कृषी शाळेच्या मागे, जिथे बकऱ्या येऊ नयेत म्हणून
तारेचं कुंपण आहे, आणि तरी बकऱ्या येतात.
आत दोन तापमापक.
एक कोरडा.
दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी,
तिची वात खाली पाण्याच्या कुपीत.
पाणी उडतं, तेव्हा तो गार होतो.
आपल्या अंगाचंही एवढंच शास्त्र.

आमच्या चोपड्यात मे महिना म्हणजे
कोरडा पंचेचाळिसावर, ओला चोविशीत,
वाटणी झालेल्या भावांसारखे लांब लांब.
त्या अंतरावरच तर आम्ही जगत आलो.
माठ पाझरायचा, वाळ्याचा पडदा कामाला यायचा,
घाम दिसायच्या आधी उडून जायचा,
सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ तेवढी मागे.

यंदा कोरडा एकोणचाळीस पूर्णांक आठ.
ओला तिसाच्या वर.
भाऊ जवळ आलेत.
मला हे बरं वाटत नाही.

लोटन बारी कुंपणाशी स्कूटर लावतो.
सकाळपासून अकरा कूलर उघडून पाहिले त्याने,
एकातही बिघाड नव्हता.
“ताई, तुनं यंतर बिघडनं वाटस.
पंचेचाळीसमा मी पत्रा ठोका,
आते एकोणचाळीसमा जीव काबर जास?”
मी त्याला चिंधी दाखवते. तो पाहतो,
आणि गिऱ्हाइकाला हे कसं सांगायचं, असं तोंड करून जातो.

पेपरवाल्याचा फोन रोज येतो. त्याला कोरडा हवा असतो.
भुसावळ किती, जळगाव किती, आपण मागे तर नाही ना?
एकोणचाळीस ऐकून तो हिरमुसतो,
जणू मी गावाची इभ्रत घालवली.

वरून अंदाज आला आहे:
पुढील पाच दिवस, खानदेशात तुरळक ठिकाणी,
हवा उष्ण व दमट राहण्याची शक्यता.
तुरळक म्हणजे कोण, हिरकणबाई विचारते.
तिच्या धाब्यावरचे बिबडे
चौथ्या दिवशीही वाकतात, मोडत नाहीत.
एक तिने पदराखाली लपवून आणलाय:
“तुन्या पेटीमा ठेव ना, तठे वारा लागस.”
सरकारी पेटी, बाई.
सरकारी वाराही तोच आहे.

काल याच वेळी, तापीकडच्या रस्त्याला,
केळीच्या गाडीवर घड चढवताना
नानसिंग पावराच्या हातून आधी घड निसटला,
मग तो.
अंग तापलेलं, आणि वर घामाचं पाणी,
पाणी होतं तिथेच. उडत नव्हतं.
कुणी गमछा ओला करून घातला, कुणी कांदा हुंगवला,
व्यापारी म्हणाला, गाडी रात्री दिल्लीकडे निघायचीय.

संध्याकाळी रुग्णालयातून डॉक्टर तडवी बाई बोलल्या.
कोरडा सांगायला मी तोंड उघडलं,
तर त्या म्हणाल्या, “तो नको. ओला किती?”

एकोणीस वर्षं मी तो आकडा लिहिते आहे.
कोरड्याच्या शेजारच्या रकान्यात,
तेवढ्याच जपून, पेन्सिलीला टोक काढून.
कुणी विचारला नव्हता.
तीस पूर्णांक चार, म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, “बरं. उद्याही कळवा,”
आणि नानसिंगचं काय, हे विचारायच्या आत फोन ठेवला.

आज सकाळी तोच सांगून गेला, लोटन:
बसला उठून. बिडी मागतोय.
आणि व्यापाऱ्याने कालची अर्धी मजुरी कापली.

वहीत सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
तिथे मी ‘निरंक’ लिहीत आले,
वावटळ असेल तर वावटळ, गारा असतील तर गारा.
आज लिहिलं: बिबडे वाळत नाहीत.
पुण्याहून कुणीतरी विचारील, हे काय लिहिलंय?
विचारू दे. सांगेन की ज्वारीचे, रात्रभर भिजवून, मग शिजवून.

चिंधीवर क्षार धरलाय, बदलायला हवी.
जुनी सोडवताना बोटांना लागली,
कोमट, जिवंत असल्यासारखी.
नवी गुंडाळते, वात कुपीत सोडते,
आणि वाट पाहते,
पारा किती उतरतोय त्याची.
थोडा उतरतो.
थांबतो.